निरोगी गुलाबी

१० फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. माझ्या डोक्यात जे चालतं ते कुठेतरी नोंदलं गेलं पाहिजे. घरात ऐकून घेणारं कोणी नाही.

सासूबाईंचा रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन कमी. मी कधीपासून सांगतोय. रंगाच्या दुकानात उभी हयात शेड जुळवण्यात गेली, माणसाच्या तोंडावरचा रंग उतरलेला मला कळणार नाही? मी तर औषधही सांगून मोकळा झालो होतो. ॲनिमिया म्हणजे लोह कमी, लोह कमी म्हणजे लोहाच्या गोळ्या. विषय संपला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लोह नाही. यांच्या लाल पेशी आकाराने मोठ्या झाल्यात, हा बी-ट्वेल्व्ह कमी पडल्याचा प्रकार, इंजेक्शनं घ्यावी लागतील. पायाला मुंग्या येतात का, जीभ हुळहुळते का, असंही विचारलं. सासूबाई दोन्हीला हो म्हणाल्या. सासूबाई डॉक्टरांना कशालाच नाही म्हणत नाहीत.

मी विचारलं, ॲनिमियात प्रकार कसले? त्या म्हणाल्या, ताप म्हटलं की एकच ताप असतो का? मी मान डोलावली. मोठेपणा म्हणून.

येताना ही म्हणाली, अहो, तुम्हीही एकदा रक्त तपासून घ्या, तोंड बघा कसं झालंय. आईचा रिपोर्ट बघून घाबरलेली आहे बिचारी. मी समजून घेतलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी गिऱ्हाईक नसतं. मोबाइलवर ॲनिमियाचा अभ्यास केला. लोक उगाच बाऊ करतात. विषय सगळा रंगाचाच आहे.

लोह कमी झालं की पेशी लहान आणि फिकट होतात. म्हणजे डब्यात स्टेनर, रंगाचा अर्क, कमी पडला. बी-ट्वेल्व्ह नाहीतर फोलिक ॲसिड कमी झालं की पेशी मोठ्या, पण संख्येने थोड्या. म्हणजे ढवळलं नाही, गुठळ्या राहिल्या. पेशी आतल्या आत फुटायला लागल्या तर माणूस पिवळा पडतो. अंगात जुनं दुखणं मुरलेलं असेल तर लोह कोठारात भरपूर, पण बाहेर निघत नाही. हे आमच्या मालकांसारखं. काहींना आईवडिलांकडूनच लहान पेशी मिळतात; लोह मुळात पुरेसं असतं, वर गोळ्या घालून काही फायदा नाही.

पांढऱ्या पेशी कमी झाल्या की लोक का घाबरतात ते समजलं नाही. कुठल्याही रंगात पांढरा कमी टाकला की रंग खुलतोच. प्लेटलेट म्हणजे रक्तातला सरस. कमी पडला की धरत नाही, वाहत राहतं. हे पटलं. तिन्ही एकदम कमी म्हणजे हाडातला कारखानाच मंदावला. इथे मी वाचणं थांबवलं.

निष्कर्ष: यंत्राची गरज नाही. तयार डोळा हवा.

(मालकांनी गेल्या वर्षी शेड जुळवायचं यंत्र आणलं. अजून त्याला माझ्याइतका गेरू कळत नाही.)

१६ फेब्रुवारी, रविवार

ॲनिमियाचं शेड कार्ड तयार. जगातलं पहिलं असावं. सहा पट्ट्या. लोहाची पट्टी खडूसारखी, बी-ट्वेल्व्हची लिंबाची किंचित झाक असलेली, फुटणाऱ्या पेशींची पिवडीकडे झुकणारी. बाकीच्या तीन अजून विचाराधीन.

कुठल्याही कार्डाला मूळ नमुना लागतो. निरोगी माणसाचा रंग कसा असतो, हे आधी ठरायला हवं. घरात शोधलं. सासूबाई आजारी. ही सदा दमलेली. उरलो मी. स्वतःसाठी डॉक्टरकडे पाऊल टाकल्याला किती वर्षं झाली ते मलाच आठवत नाही. गुडघा तेवढा दुखतो, शिडीवर चढून चढून. त्याला मी औषधवाल्याकडून आणलेली गोळी सकाळी रिकाम्या पोटी घेतो. दुखलं तर दुपारी आणखी एक. रात्री एखादी. डॉक्टर कशाला हवा?

तेव्हा मूळ नमुना: माझा उजवा तळहात.

लगेच तपासणी. हिचा हात माझ्या हाताशेजारी धरला. लालभडक! सासूबाईंचा धरला. त्यासुद्धा माझ्यापेक्षा लाल! आजारी माणूस निरोगी माणसापेक्षा लाल कसा? म्हणजे लॅबनेच घोळ घातला. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं, पण बाईमाणसाला तोंडावर खोटं पाडणं बरं दिसत नाही.

सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तुमचा हात एवढा गार कसा? मी म्हटलं, डोकं थंड असलं की हातही थंड असतात.

ही माझा हात जरा वेळ धरून बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मालकांशी वाजलं. त्यांनी निळ्याचा मूळ नमुना काचेच्या शोकेसमध्ये लावला, गिऱ्हाइकांना दिसावा म्हणून. ऊन थेट त्याच्यावर. नमुन्याचा रंग उडाला. मग यंत्राने त्या उडालेल्या नमुन्यावरून डबे काढले आणि ते सगळे परत आले.

मी मालकांना चांगलं सुनावलं. म्हटलं, मूळ नमुना काळ्या पाकिटात, कपाटात ठेवायचा असतो. तो रोज थोडा थोडा उडतो, आणि रोज बघणाऱ्याला कळत नाही. नमुना उडाला की जगातला प्रत्येक रंग गडद दिसायला लागतो. मालक मान खाली घालून ऐकत होते. अशा वेळी आपण या धंद्यात का आहोत ते कळतं.

बोलताना धाप लागली. राग आल्यावर लागतेच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या जिन्याच्या पायऱ्यांची उंची वाढली आहे. कुठल्या तरी दुरुस्तीत वाढवली असणार, सोसायटीने कळवलं नाही. तक्रार करायची आहे.

दुसऱ्या मजल्यावर थोडा बसलो. तिथल्या भिंतीचा रंग पोपडे धरतोय, तो जवळून बघण्यासाठी. वर मान केली तर तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून ही बघत होती. म्हणाली, रोजच बघता का हो हे पोपडे? म्हटलं, ओल आहे, लक्ष ठेवावं लागतं.

रक्ततपासणीचा विषय पुन्हा निघाला. म्हटलं, उपाशीपोटी जावं लागतं आणि माझा चहा झालाय. तिने लॅबला फोन करून विचारलं. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही म्हणे. ही लॅब भरवशाची नाही, हे मी आधीच लिहून ठेवलंय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

संकल्प: बर्फ कमी करायचा.

दुकानाशेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याकडून रोज ग्लासभर बर्फ आणतो आणि कडाकडा चावतो. त्याने नजर ताजी राहते. आज तीन ग्लास झाले. कोल्ड्रिंकवाला म्हणाला, साहेब, अधूनमधून कोल्ड्रिंकही घ्या.

खडूच्या भुकटीचं पोतं उघडलं. काय तो वास! अत्तर झक मारेल. चिमूटभर जिभेवर ठेवली. केवळ दर्जा पाहण्यासाठी. दर्जा उत्तम. म्हणून पुन्हा एकदा पाहिला.

आणखी एक नोंद, खाजगी. सकाळी शौचाचा रंग काळा. नुसता काळा नाही, डांबरी, चकाकणारा आणि चिकट. काजळीच्या रंगाचा डबा परवा मीच फोडला होता, ती धूळ नाकातून पोटात गेली असणार. काजळी ही अशीच. कुठेही शिरते.

२ मार्च, रविवार

मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. बस डेपोत मेकॅनिक आहे. मी मनात त्याला टोमॅटो म्हणतो. गाल, कान, मान, सगळं लाल. हसला की आणखी लाल.

तळहाताशेजारी तळहात धरला आणि माझी खात्रीच पटली. रक्त वाजवीपेक्षा जास्त. तसं त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने विचारलं, मग काय करू दाजी? म्हटलं, थोडं काढून टाक. तो म्हणाला, काढणारच आहे, सोळा तारखेला आमच्या डेपोत रक्तदान शिबिर आहे, तुम्हीही या. म्हटलं, येतो. पहिला दाता मी.

हिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, जा, अवश्य जा. तिथे रक्त घेण्याआधी तपासतात. त्यांनी तुमचं घेतलं तर मी तपासणीचं नाव काढणार नाही. नाही घेतलं तर मी म्हणेन तिथे यायचं.

मान्य केलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची हौस तिला फार.

मेहुण्याने नवीन घर घेतलंय. झोपायच्या खोलीचा रंग दाजींनीच निवडायचा, असं म्हणाला. टोमॅटो असला तरी माणसाची पारख आहे.

५ मार्च, बुधवार

मेहुण्याच्या खोलीसाठी कल्पना सुचली. झोपायच्या खोलीत आरोग्याचा रंग हवा. सकाळी डोळा उघडला की समोर निरोगी माणसाची त्वचा. शेडचं नाव: निरोगी गुलाबी. मूळ नमुना: अर्थातच माझा तळहात.

यंत्राला हात लावला नाही. पांढऱ्या बेसमध्ये गुलाबी थेंब थेंब टाकत, तळहात शेजारी धरत गेलो. फार थोडा गुलाबी लागला. मग पिवडीचा एक थेंब. मग राखाडीचा अर्धा. तंतोतंत! हात डब्यात बुडवला असता तर सापडला नसता.

मालक म्हणाले, यात रंग कधी टाकणार? उपहास. उडालेल्या नमुन्याचा राग अजून गेलेला नाही.

९ मार्च, रविवार

मेहुण्याच्या घरी रंगाऱ्याने दोन हात मारले. मी खुर्चीवर बसून देखरेख केली. उभं राहिलं की भिंत किंचित गोल फिरते. बांधकाम कच्चं दिसतंय.

मेहुण्याची बायको चहा घेऊन आली. चारी भिंती बघितल्या आणि म्हणाली, पुट्टी छान बसली हो, रंग कधी लावणार?

मी शांतपणे सांगितलं, हाच रंग आहे. तिने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने रंगाऱ्याकडे. रंगाऱ्याने ब्रशकडे. हीसुद्धा आली होती. ती भिंतीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग भिंतीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. तिचा चेहरा असा का झाला ते कळलं नाही. रंग आवडला नसेल तर तसं सांगावं.

मेहुणा म्हणाला, दाजी, हळूहळू डोळ्यांना सवय होईल. यालाच उमदेपणा म्हणतात.

१२ मार्च, बुधवार

सकाळी हिने मला आरशासमोर उभं केलं. शेजारी स्वतः उभी राहिली. म्हणाली, बघा. मी बघितलं. म्हटलं, आरशाचा पारा गेलाय, बदलावा लागेल.

मग ती म्हणाली, की माझे वडील असेच काही नाही, काही नाही म्हणत गेले. आम्ही सगळे ऐकत राहिलो. मी आता ऐकणार नाही.

आणि रडली. ही सहसा रडत नाही. आतल्या खोलीत सासूबाईंच्या हातातल्या स्टीलच्या डब्याचा आवाज थांबला.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मी चहा मागितला.

संकल्प: सोळा तारखेला रक्त देऊन हिची काळजी कायमची मिटवायची. तोवर शक्ती राखण्यासाठी कमी चालायचं. गुडघ्याची एक गोळी जादा घ्यायची, म्हणजे शिबिरात लंगडायला नको.

१५ मार्च, शनिवार

दुकानात गेलो नाही. शक्ती राखतोय. पलंगावरच.

बूट कुणीतरी आवळलेत. सकाळी पायात गेले नाहीत. घोटे थोडे सुजल्यासारखे आहेत. वापर नसला की होतं तसं.

सासूबाईंची चौथी-पाचवी इंजेक्शनं झाली असतील. टुणटुणीत. आज जिना उतरून खाली जाऊन भाजी घेऊन आल्या आणि मला विचारलं, जावईबापू, पाणी देऊ का? लॅबचा घोळ असूनही बाईंना गुण आला. मनाचा खेळ असतो सगळा.

१६ मार्च, रविवार. दुपारी

शिबिर. सविस्तर लिहिलं पाहिजे.

डेपोच्या वर्कशॉपमध्ये खाटा मांडलेल्या. मेहुण्याने मला सगळ्यांच्या पुढे नेलं, आमचे दाजी म्हणून ओळख करून दिली. टेबलावर नर्स आणि तिच्यासमोर निळ्या पाण्याची बाटली. मी लांबूनच ओळखलं: मोरचूद! काय निळा होता! मी नर्सला त्या निळ्याबद्दल दोन शब्द सांगितले. तिने माझं बोट टोचलं.

रक्ताचा थेंब त्या मोरचुदाच्या पाण्यात सोडतात. माझा सोडला. जरा खाली गेला आणि वर आला. तरंगत राहिला. ऐटीत!

मागे उभ्या मेहुण्याचा सोडला. दगडासारखा तळाशी. त्याच्या मागच्याचाही. त्याच्याही मागच्याचा. सगळ्यांचे बुडाले. एकट्या माझा तरंगला. गढूळ, जड रक्त बुडणारच. गाळलेला रंग वर राहतो, हे दुकानातलं कुणीही सांगेल. मी मेहुण्याच्या पाठीवर थोपटलं. म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, वजन उतरवलंस की तुझाही तरंगेल.

नर्सने दुसऱ्यांदा टोचलं. पुन्हा तरंगला. तिने लहानशा यंत्रावर थेंब घेतला. यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, यंत्र बदललं. मग खालच्या आवाजात विचारलं, काका, तुम्ही इथपर्यंत चालत आलात?

म्हटलं, हो. जिन्यासकट.

तिने मला रक्त देऊ दिलं नाही. खुर्चीत बसवलं, कोपर धरून. म्हणाली, तुमच्याबरोबर कोण आहे? असल्या रक्ताची किंमत त्यांना कळलेली दिसते. उगाच कुणालाही द्यायचं नसेल.

मेहुणा घरी सोडायला येतोय. एकदम पांढरा पडलाय. रक्त काढल्यावर होतं तसं. पण त्याचं अजून काढलेलंच नाही.

१७ मार्च, सोमवार

दवाखाना. हाताला सुई, म्हणून अक्षर असं.

काल जिन्यात दुसऱ्या मजल्यावर पोपडे बघायला बसलो आणि उठलोच नाही. मेहुण्याने मला खांद्यावर टाकून खाली आणलं. ही पुढे, माझे बूट हातात. एवढंच आठवतं.

हिमोग्लोबिन सहा. निम्म्याहून कमी.

डॉक्टरीणबाई आल्या. मी त्यांना शेड कार्ड दाखवणार होतो, पण ते शर्टाच्या खिशात होतं आणि शर्ट काढून घेतला होता. त्या म्हणाल्या, कमी आहे हे सांगायला एक आकडा पुरतो. का कमी आहे हे सांगायला पेशींचा आकार बघावा लागतो. तुमच्या पेशी लहान आणि फिकट आहेत, लोहाचं कोठार रिकामं आहे. पांढऱ्या पेशी ठीक, प्लेटलेट ठीक. म्हणजे कारखाना सुरू आहे, कच्चा माल संपलाय.

मी म्हटलं, पण सासूबाईंचं तर बी-ट्वेल्व्ह होतं. एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर? त्या म्हणाल्या, म्हणून तर प्रकार ओळखावा लागतो. त्यांना लोह देऊन काही झालं नसतं आणि तुम्हाला बी-ट्वेल्व्ह देऊन काही होणार नाही.

मग म्हणाल्या, आणि तुम्हाला नुसतं लोह देऊनही भागणार नाही. तुमच्या वयाच्या पुरुषाचं लोह असं संपत नाही. कुठेतरी गळतंय.

बावीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलोय. भिंतीला आधी ओल कुठून येते ते शोधा, मग रंग लावा.

त्यांनी विचारलं, शौचाचा रंग कसा? हा माझा प्रांत. मी सांगितलं: डांबरी काळा, चकाकणारा, काजळीहून एक छटा गडद, कडेला किंचित तांबूस. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, इतकं नेमकं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. मला बरं वाटलं. मग विचारलं, कधीपासून? बरं वाटणं गेलं.

मग दुखण्याच्या गोळ्या कुठल्या घेता, ते विचारलं. हिने पर्समधून रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. बरीच होती. मी फेकलेली ती कचऱ्यातून गोळा करत होती, मला माहीतच नाही.

१९ मार्च, बुधवार

पोटात नळी घालून पाहिलं. जठरात जखम. गोळ्यांची, रिकाम्या पोटी घेतलेल्या. महिनोन्‌महिने थोडं थोडं रक्त गळत होतं. तिथेच बंदोबस्त केला. वेळेत आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ही बाहेर जाऊन उभी राहिली. बराच वेळ आत आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. मेहुण्याचं रक्त मला चालत नाही, गटच जुळत नाही. पण माझ्यासाठी म्हणून त्याने डेपोतले चार मेकॅनिक रक्तपेढीत आणून उभे केले. सगळे टोमॅटो. पिशवीकडे पाहत पडून राहिलो. याला गेरू म्हणता येणार नाही, लाखेचा लालही नाही. याला कार्डावर नाव नाही.

डॉक्टरीणबाईंना शेवटी तळहाताची पद्धत सांगितली. वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, आम्हीही तळहात बघतो, पापणीच्या आतली बाजू बघतो, नखं बघतो. पण शेजारी चांगला हात धरून बघतो.

मालक भेटायला आले. जाताना काळं पाकीट उशाशी ठेवलं. रिकामं. म्हणाले, तुम्हाला यात ठेवायला हवं होतं. मी रोज बघत होतो, मलाही कळलं नाही. आणि डोळे पुसत गेले. सकाळी म्हणे यंत्राशी भांडत होते.

२५ मार्च, मंगळवार

घरी. जिना चढलो. पायऱ्या पूर्ववत केलेल्या दिसतात.

हे खोडून टाकावं का? राहू दे.

बर्फ चावावासा वाटत नाही. खडूच्या पोत्याची आठवण आली, पण नुसती पोत्याची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माती, खडू, बर्फ खावासा वाटणं हेही लोह कमी असल्याचंच लक्षण. म्हणजे माझं शरीर मला सांगत होतं आणि मी दर्जा तपासत होतो.

गुडघा दुखतोय. दुखू दे. कुठलीही गोळी हिला विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असं सासूबाईंसमोर कबूल करून घेतलं गेलं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, लोहाच्या गोळ्यांची आठवण मी करीन, माझ्या इंजेक्शनाची तुम्ही करा.

६ एप्रिल, रविवार

मेहुण्याच्या घरी गेलो. नवीन डबा घेऊन. या खेपेला मालकांचं यंत्र वापरलं. मेहुण्याच्या बायकोने स्वतः निवडलेला निळा. चांगला आहे. मी दोन सूचना करणार होतो, पण हिने पाहिलं.

रंगारी सगळ्या भिंती निळ्या करत गेला. दाराच्या मागे पोचला तेव्हा ही म्हणाली, तेवढा राहू दे. एक चौकोन, माणसाच्या हाताएवढा. सगळ्यांनी कारण विचारलं, तिने सांगितलं नाही.

मी जवळ गेलो आणि उजवा हात त्या चौकोनाशेजारी टेकवला. बघत राहिलो. मग हिने तिचा हात माझ्या हाताशेजारी टेकवला. तिचा आणि माझा बराचसा सारखा. भिंतीवरचा वेगळाच. असा माणूस बाजारात दिसला असता तर मी त्याला हात धरून दवाखान्यात नेलं असतं. असा रंग घेऊन मी महिना-दीड महिना तिच्यासमोर बसून जेवत होतो.

मी तिला म्हटलं, घाबरलीस ना फार? ती हो म्हणाली. एवढंच. मीही घाबरलो होतो, पण ते मला आज कळलं.

मेहुणा कानावर पेन्सिल अडकवून आला. म्हणाला, दाजी, चौकोनाखाली शेडचं नाव लिहून ठेवतो, काय बरं होतं ते तुमचं? निरोगी काहीतरी?

मी म्हटलं, पुट्टी लिही.